प्रतिकारशक्ती कमी असलेल्या पेशंटमधले परजीवी कसे शोधायचे: प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेल्यांसाठी

फॉर्मवर ‘स्टूल रुटीन’, सोबत पातळ शौचाची डबी, आणि थोड्या वेळात बाहेर पडलेला रिपोर्ट: ‘ओव्हा, सिस्ट आढळले नाहीत.’ म्हणजे परजीवींची अंडी किंवा कवचबंद रूपं दिसली नाहीत. एरवीच्या पेशंटला हे चालून जातं. पण तोच पेशंट एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) केंद्रातून आलेला असेल, किडनी बदलल्यानंतर टॅक्रोलिमसवर (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधावर) असेल, केमोथेरपी घेत असेल किंवा महिनोन् महिने स्टेरॉइडच्या गोळ्या खात असेल, तर हा रिपोर्ट डॉक्टरांची दिशाभूल करू शकतो. अशा पेशंटमध्ये जे परजीवी आधी शोधायला हवेत, त्यातले काही सलाइन-आयोडीनच्या ओल्या स्लाइडवर ओळखूच येत नाहीत आणि काही समोर असूनही नजरेतून सुटतात. म्हणून या कामात पहिला प्रश्न ‘काय दिसलं?’ हा नसतो. ‘काय शोधलं?’ हा असतो.

डीएमएलटी किंवा एमएलटी करून नुकतेच बेंचवर बसलेल्यांसाठी हे लिहितो आहे. भर शौचाच्या नमुन्यावर ठेवला आहे, कारण छोट्या प्रयोगशाळेत हेच काम सगळ्यात जास्त येतं आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

आधी फॉर्म वाचा

नमुना हातात घेण्याआधी तीन गोष्टी कळायला हव्यात: जुलाब किती दिवसांपासून आहेत, प्रतिकारशक्ती कमी असण्याचं काही कारण आहे का, आणि सध्या कोणती औषधं चालू आहेत. फॉर्मवर यातलं काहीच नसेल तर वॉर्डला फोन करा. सीडी४ चा (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा) आकडा मिळाला तर उत्तम. तो २०० च्या खाली असेल तर संधिसाधू परजीवींचा विचार करायचाच. १०० च्या खाली गेला की क्रिप्टोस्पोरिडियमचे जुलाब आपोआप थांबण्याची आशा फारशी उरत नाही.

एक गोष्ट मात्र सांभाळा. ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ असं डबीवर किंवा सगळ्यांना दिसेल अशा रजिस्टरमध्ये लिहायचं नाही. २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि गोपनीयता पाळणं त्यानुसार बंधनकारक आहे. ‘प्रतिकारशक्ती कमी, कॉक्सिडियासाठी स्टेन करावा’ एवढं लिहिलं तरी आपलं काम होतं. कॉक्सिडिया म्हणजे इथे क्रिप्टोस्पोरिडियम, सायक्लोस्पोरा आणि सिस्टोआयसोस्पोरा हे तीन परजीवी.

नमुना

एका नमुन्यावर कधीच थांबू नका. परजीवी रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाहीत. दिवसाआड एक असे तीन नमुने, साधारण दहा दिवसांच्या आत घ्या. डबी कोरडी, रुंद तोंडाची आणि घट्ट झाकणाची हवी. शौचात लघवी किंवा नळाचं पाणी मिसळू नये, हे पेशंटला त्याला समजेल अशा भाषेत सांगा. लघवीमुळे ट्रोफोझोइट (परजीवींची हालती रूपं) मरतात आणि पाण्यातून आलेले मोकळे जीव आपल्याला चकवतात. बेरियमची तपासणी झाली असेल तर काही दिवस थांबावं लागतं.

वेळेचा हिशेब सोपा आहे. पातळ नमुना अर्ध्या तासात बघायचा, अर्धवट घट्ट असेल तर तासाभरात. घट्ट नमुना फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी बघितला तरी चालतो. उशीर होणारच असेल तर एक भाग १० टक्के फॉर्मालिनमध्ये काढून ठेवा. मात्र पीसीआरसाठी (जनुकीय तपासणीसाठी) नमुना बाहेर पाठवायचा असेल तर फॉर्मालिन घालू नका, त्याने पीसीआर बिघडतो. आणि स्ट्राँगिलॉइडिस या जंताचा संशय असेल तर फ्रिजही नको, फॉर्मालिनही नको. त्या अळ्या आपल्याला जिवंत हव्या असतात.

हातमोजे घालणं ही इथे नुसती शिस्त नाही. क्रिप्टोस्पोरिडियमच्या ऊसिस्ट (कवचातली बीजरूपं) शौचातून बाहेर पडतात तेव्हाच लागण करण्याच्या स्थितीत असतात, लागण व्हायला अगदी थोड्या पुरतात आणि क्लोरीनला त्या दाद देत नाहीत. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात शुद्धीकरण केंद्रातून गेलेल्या नळाच्या पाण्यातूनच ही साथ पसरली आणि अंदाजे ४ लाख ३ हजार लोक आजारी पडले. तेव्हा बेंच हायपोक्लोराइटने पुसला म्हणजे झालं, असं समजू नका. साबणाने हात धुणं आणि बेंचवर काही न खाणं, याला पर्याय नाही.

ओली स्लाइड

स्टेन करायचाच आहे म्हणून ओली स्लाइड टाळू नका. एका बाजूला सलाइनचा थेंब, दुसऱ्या बाजूला आयोडीनचा. नमुना इतपतच मिसळा की स्लाइडखाली ठेवलेल्या वर्तमानपत्राची अक्षरं वाचता येतील. १० च्या ऑब्जेक्टिव्हखाली आख्खी कव्हरस्लिप ओळीने बघा, मग ४० वर जा. जिआर्डिया, अमीबा, हूकवर्मची अंडी हे सगळं इथेच भेटतं आणि या पेशंटनाही ते होतंच.

ओल्या स्लाइडवर खरी किंमत आहे ती सिस्टोआयसोस्पोरा बेली ओळखण्याला. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘आयसोस्पोरा’च आहे. तिची ऊसिस्ट लांबट असते, दोन्ही टोकांकडे निमुळती, लांबी साधारण २० ते ३३ मायक्रॉन आणि रुंदी १० ते १९. म्हणजे चांगली मोठी. तरीही ती सुटते, कारण ती जवळजवळ पारदर्शक असते आणि आपण कंडेन्सर वर चढवून लख्ख उजेडात बघत असतो. कंडेन्सर खाली घ्या, डायफ्रॅम बंद करत आणा, म्हणजे पातळ दुहेरी कडा उठून दिसते आणि आत एक किंवा दोन गोल स्पोरोब्लास्ट दिसतात. आजूबाजूला शार्को-लायडनचे टोकदार स्फटिक दिसले तर सावध व्हा. बहुतेक प्रोटोझोआंमुळे (एकपेशीय परजीवींमुळे) इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढत नाहीत, सिस्टोआयसोस्पोरामुळे वाढू शकतात.

नमुना सेंट्रिफ्यूज करून घट्ट करणं, म्हणजे फॉर्मॉल-ईथर पद्धत, तुम्ही शिकलेली आहे. ईथर पेट घेतं, म्हणून एथिल अ‍ॅसिटेट वापरा. वेग कमी ठेवू नका, बारीक ऊसिस्ट खाली बसायला ५०० जी आणि पूर्ण दहा मिनिटं द्या. गाळताना गाजच्या चार-चार घड्या घातल्या तर ऊसिस्ट गाजमध्येच अडकून राहतात.

मॉडिफाइड अ‍ॅसिड-फास्ट स्टेन

सगळी मदार या स्टेनवर आहे, त्यामुळे इथे घाई नको.

१. पातळ स्मिअर करा आणि हवेत पूर्ण वाळू द्या. जाड स्मिअर धुताना निघून जातो, आणि राहिलाच तर नीट रंगत नाही.

२. मिथेनॉलमध्ये २ ते ३ मिनिटं फिक्स करा.

३. कार्बोल फ्युक्सिन ओता आणि १५ मिनिटं ठेवा. स्लाइड तापवायची नाही. टीबीच्या स्लाइडची सवय असलेला हात आपोआप बर्नरकडे जातो, तो आवरा.

४. पाण्याने धुऊन १ टक्के अ‍ॅसिड-अल्कोहोलने १० ते १५ सेकंद रंग उतरवा. पुन्हा धुवा.

५. ०.५ टक्के मॅलाकाइट ग्रीन किंवा मिथिलीन ब्लू ३० सेकंद. धुवा, उभी ठेवून वाळवा, ऑइल इमर्शनखाली बघा.

तुमच्या प्रयोगशाळेच्या एसओपीत (ठरलेल्या कार्यपद्धतीत) वेळा वेगळ्या असतील तर त्या पाळा. किन्यून पद्धतीत १ टक्के सल्फ्युरिक अ‍ॅसिड वापरतात, तेही ठीक. पण चौथ्या पायरीवर एक जागा अशी आहे जिथे नवीन माणूस हमखास घसरतो. शेजारच्या बेंचवर टीबीच्या झील-नील्सनसाठी २५ टक्के सल्फ्युरिक अ‍ॅसिडची बाटली असते. दोन्हीकडे नाव ‘डीकलरायझर’, दोन्ही बाटल्या सारख्याच. ते जहाल अ‍ॅसिड या स्लाइडवर पडलं की ऊसिस्टचा रंग निघून जातो आणि पॉझिटिव्ह पेशंट निगेटिव्ह होतो. बाटलीवर मोठ्या अक्षरात टक्केवारी लिहा आणि १ टक्क्याची बाटली टीबीच्या बेंचवर जाऊ देऊ नका. उलट अदलाबदलही तितकीच वाईट: टीबीची स्लाइड १ टक्क्याने उतरवली तर नको तेही लाल राहील.

दर बॅचला एक माहीत असलेली पॉझिटिव्ह स्लाइड सोबत रंगवा. कंट्रोल लाल दिसला नाही तर त्या बॅचचा एकही रिपोर्ट बाहेर जाता कामा नये.

बघताना २०० ते ३०० फील्ड तरी बघा. वीस-पंचवीस फील्ड बघून उठणाऱ्याला जोरदार जुलाब असलेला पेशंट सापडेल, कमी ऊसिस्ट टाकणारा सापडणार नाही.

काय लाल आहे आणि किती मोठं आहे

तिन्ही कॉक्सिडिया या स्टेनमध्ये लाल किंवा गुलाबी होतात, पाठीमागे हिरवा वा निळा रंग. त्यांच्यातला फरक मुख्यतः आकारमानाचा आहे.

क्रिप्टोस्पोरिडियम: गोल, ४ ते ६ मायक्रॉन. सगळ्या सारख्या रंगत नाहीत, काही गडद तर काही फिकट. चांगल्या रंगलेल्या ऊसिस्टमध्ये स्पोरोझोइटचे गडद ठिपके दिसतात.

सायक्लोस्पोरा: तीही गोल, पण ८ ते १० मायक्रॉन. तिचा रंग तर फारच बेभरवशाचा. एकाच फील्डमध्ये एक लालभडक, एक गुलाबी आणि एक अजिबात न रंगलेली, नुसत्या सुरकुतलेल्या काचेसारखी. अशा बिनरंगी गोलांकडे दुर्लक्ष करू नका. अल्ट्राव्हायोलेट फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप हाताशी असेल तर न रंगवलेली स्लाइड त्याखाली धरा. सायक्लोस्पोरा आणि सिस्टोआयसोस्पोरा दोन्ही स्वतःहून निळसर चमकतात.

सिस्टोआयसोस्पोरा तिच्या लांबट आकारावरून लगेच कळते.

यीस्ट सहसा पाठच्या रंगात जातं, पण रंग कमी उतरवला असेल तर तेही लालसर राहतं आणि ४-५ मायक्रॉनचं असल्याने क्रिप्टोस्पोरिडियम म्हणून खपतं. अंकुर फुटलेला दिसतो का ते बघा. रंगाचे साके पडून झालेले लाल ठिपके वेगळ्याच पातळीवर फोकस होतात आणि त्यांना आतली रचना नसते.

पाच मायक्रॉन की नऊ, हे डोळ्याने ठरवू नका. आयपीसमध्ये मोजपट्टी बसवा आणि स्टेज मायक्रोमीटरने ती प्रत्येक मायक्रोस्कोपवर, प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी वेगळी जुळवून घ्या. समजा, ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली पट्टीचे ४० भाग स्टेज मायक्रोमीटरच्या १० भागांवर तंतोतंत बसले. स्टेजचा एक भाग ०.०१ मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रॉन. तेव्हा १० भागांचे १०० मायक्रॉन, त्याला ४० ने भागलं की पट्टीचा एक भाग २.५ मायक्रॉनचा. ऑइलच्या ऑब्जेक्टिव्हसाठी असाच हिशेब करून दोन्ही आकडे मायक्रोस्कोपवर चिकटवून ठेवा. मोजपट्टी एका मायक्रोस्कोपवरून काढून दुसऱ्यावर घातली की जुना आकडा बाद.

एवढा आटापिटा कशाला, सगळे जुलाबच ना? तर उपचार वेगळे आहेत म्हणून. सिस्टोआयसोस्पोरा आणि सायक्लोस्पोरा को-ट्रायमॉक्साझोलला चांगली दाद देतात, जे औषध कुठल्याही सरकारी दवाखान्यात मिळतं. क्रिप्टोस्पोरिडियमला ते लागू पडत नाही. तिथे खरा उपाय प्रतिकारशक्ती परत वर आणणं हाच, म्हणजे एचआयव्ही असेल तर एआरटी नीट चालू करणं. नायटाझोक्सानाइड दिलं जातं, पण सीडी४ फार खाली असताना त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. तुम्ही ५ च्या जागी ९ मायक्रॉन वाचलं, तर पेशंटचं औषध बदलतं.

मायक्रोस्पोरिडिया या स्टेनमध्ये मिळत नाहीत. स्पोर १ ते ४ मायक्रॉनचे, बॅक्टेरियाएवढे. त्यासाठी मॉडिफाइड ट्रायक्रोम स्टेन लागतो, त्यात स्पोर गुलाबी दिसतात आणि काहींच्या मध्यावर आडवा पट्टा दिसतो. आता त्यांची गणना बुरशीवर्गाजवळ होते, तरी नमुना परजीवीच्या बेंचवरच येतो. तुमच्याकडे हा स्टेन नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे पाठवा.

मोठ्या खासगी लॅबमध्ये हल्ली एका नमुन्यात वीस-बावीस जंतू शोधणारे मल्टिप्लेक्स पीसीआर पॅनल मिळतात. चांगले आहेत, महागही आहेत. पण पॅनलच्या यादीत काय आहे ते वाचून घ्या. क्रिप्टोस्पोरिडियम आणि सायक्लोस्पोरा बऱ्याच पॅनलमध्ये असतात, सिस्टोआयसोस्पोरा बहुधा नसते. आपल्याकडच्या एचआयव्ही पेशंटमध्ये तीच वारंवार सापडते. म्हणून पॅनल निगेटिव्ह आला तरी स्लाइड रंगवायचीच.

स्टेरॉइड आणि स्ट्राँगिलॉइडिस

या गटात सगळ्यात भीती वाटावी असा परजीवी हा. स्ट्राँगिलॉइडिस स्टेर्कोरालिस माणसाच्या आतच पुन्हा पुन्हा लागण करत राहतो, त्यामुळे दशकानुदशकं गुपचूप राहू शकतो. दुसऱ्या महायुद्धात बर्मा-थायलंड रेल्वेवर राबवलेल्या युद्धकैद्यांमध्ये तो कित्येक दशकांनंतरही सापडला. असा माणूस पुढे दम्यासाठी, संधिवातासाठी किंवा प्रत्यारोपणासाठी मोठ्या डोसचं स्टेरॉइड घेतो आणि अळ्यांची संख्या एकदम वाढते. त्या आतड्याची भिंत भेदून फुप्फुसात, कधी मेंदूपर्यंत जातात आणि सोबत आतड्यातले बॅक्टेरिया नेतात. सेप्सिस किंवा मेनिन्जायटिस होतो आणि मूळ कारण लक्षात येत नाही. रक्तात इओसिनोफिल वाढलेले असतील असं गृहीत धरू नका, स्टेरॉइडवर असताना ते कमीच दिसतात.

शौचात अंडी नाही, अळ्या दिसतात. नमुना ताजाच हवा याचं दुसरं कारण इथे आहे. रात्रभर बाहेर राहिलेल्या डबीत हूकवर्मची अंडी फुटून त्यांच्याही अळ्या वळवळायला लागतात. तेव्हा तोंडाकडचा भाग बघा. स्ट्राँगिलॉइडिसच्या रॅब्डिटिफॉर्म अळीची मुखनलिका आखूड असते आणि पोटाच्या मध्याजवळ जननांगाचा कोंब ठळक दिसतो. हूकवर्मच्या अळीत मुखनलिका लांब आणि कोंब जेमतेम. आयोडीनचा थेंब टाकला की अळी शांत होते आणि बघणं सोपं जातं.

साध्या स्लाइडवर एका नमुन्यात बहुतेक जुन्या लागणी सुटतात. म्हणून आगर प्लेट लावा. न्यूट्रिएंट आगरच्या मध्यावर दोन-तीन ग्रॅम ताजा नमुना ठेवा, झाकण टेपने सगळीकडून बंद करा आणि सामान्य तापमानाला दोन दिवस किंवा जास्त ठेवा. अळ्या सरपटत जातात आणि मागे बॅक्टेरियांच्या वसाहतींची नागमोडी रेघ उमटते. प्लेट उघडायची घाई करू नका. तोवर फिलॅरिफॉर्म (लागण करणाऱ्या) अळ्या तयार झालेल्या असतात आणि त्या कातडीतून आत शिरतात. आधी खालून डिसेक्टिंग मायक्रोस्कोपने बघा, मग १० टक्के फॉर्मालिन आत सोडून धुऊन घ्या आणि ते सेंट्रिफ्यूज करून तपासा.

स्टेरॉइडवरच्या पेशंटची थुंकी ग्राम स्टेनला किंवा टीबीसाठी आली आणि त्यात लांबलचक अळी दिसली, तर ती बाजूला सारून बॅक्टेरिया शोधत बसू नका. लगेच फोन उचला.

शौचाच्या पलीकडे

बाकीचं थोडक्यात. अँटीबॉडीच्या टेस्ट वाचताना लक्षात ठेवा की अँटीबॉडी पेशंटच्या शरीराने तयार करायच्या असतात, आणि इथे ती क्षमताच कमी झालेली असते. टॉक्सोप्लाझ्मामध्ये मेंदूत गाठी असलेल्या एचआयव्ही पेशंटला आयजीएम (ताज्या लागणीची अँटीबॉडी) बहुधा निगेटिव्हच येतं, कारण आजार जुन्या, दबून राहिलेल्या लागणीचा असतो. आयजीजी पॉझिटिव्ह आलं तर जुनी लागण आहे एवढंच कळतं. ते निगेटिव्ह असेल तर शक्यता बरीच कमी होते, पण संपत नाही. मणक्यातल्या पाण्याचा पीसीआर पॉझिटिव्ह आला तर विश्वास ठेवावा, निगेटिव्ह आला तर त्यावरून काही ठरत नाही.

काळा आजार हा मुख्यतः बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगालचा, पण तिथला कामगार पुण्या-मुंबईतही ताप घेऊन येतो. त्याला एचआयव्हीही असेल तर आरके३९ ची पट्टी (काळ्या आजाराची झटपट अँटीबॉडी टेस्ट) निगेटिव्ह आली म्हणून थांबू नका. बोन मॅरोच्या स्मिअरमध्ये मॅक्रोफेजच्या आत २ ते ४ मायक्रॉनचे अमास्टिगोट (या आजाराच्या लेश्मानिया परजीवीची गोलसर रूपं) शोधा. न्यूक्लियसशेजारी छोटी दांडीसारखी कायनेटोप्लास्ट दिसलीच पाहिजे, नाहीतर ती हिस्टोप्लाझ्मा बुरशी असू शकते.

रिपोर्ट

‘परजीवी आढळले नाहीत’ असं मोघम वाक्य या पेशंटसाठी लिहू नका. असं लिहा: ‘नमुना १/३. ओली स्लाइड, फॉर्मॉल-ईथर आणि मॉडिफाइड अ‍ॅसिड-फास्ट स्टेन केले. क्रिप्टोस्पोरिडियम, सायक्लोस्पोरा, सिस्टोआयसोस्पोरा आढळले नाहीत. मायक्रोस्पोरिडियासाठी तपासणी केलेली नाही. आणखी दोन नमुने पाठवावेत.’ डॉक्टरांना यातून दोन गोष्टी कळतात: कोणतं दार बंद झालं आणि कोणतं अजून उघडं आहे.

पॉझिटिव्ह असेल तर जातीचं नाव, आकारमान आणि साधारण प्रमाण लिहा. स्ट्राँगिलॉइडिसच्या अळ्या किंवा लेश्मानिया सापडले तर आधी फोन, मग कागद. कोणाला सांगितलं आणि किती वाजता, हे रजिस्टरमध्ये टिपा. पॉझिटिव्ह नमुन्याचा उरलेला भाग १० टक्के फॉर्मालिनमध्ये, पेशंटचं नाव काढून, तारीख आणि जातीचं नाव घालून ठेवा. पुढच्या बॅचचा कंट्रोल त्यातूनच काढायचा आहे.